लॅपटॉपवर नेमका कोणता फायरफॉक्स चालू आहे?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर उबुंटू लिनक्स बसवलेले आहे आणि शाळेची बहुतेक ऑनलाइन कामे त्यावरील फायरफॉक्स ब्राउझरमधूनच होतात. त्या ब्राउझरमध्ये आम्ही मोजकीच ॲड-ऑन्स, म्हणजे ब्राउझरला जादा सोयी देणारे छोटे पूरक कार्यक्रम, ठेवली होती, पण त्या प्रत्येकाला इथल्या गरजेचे कारण होते. राज्याच्या संकेतस्थळांवरील मजकूर कन्नडमध्ये असतो. आमच्यापैकी काहींना कन्नड बोलता येते पण भरभर वाचता येत नाही, म्हणून पानाचे भाषांतर दाखवणारे एक ॲड-ऑन होते. प्रश्नपत्रिका आणि पत्रे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसाव्यात म्हणून मराठी शुद्धलेखनाचा शब्दकोश होता. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेल्यावर मोबाइलचे नेटवर्क इतके क्षीण होते की जाहिरातींचा भार टाळल्याशिवाय पान उघडतच नाही, त्यासाठी युब्लॉक ओरिजिन होते. आणि विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकांची मागणी अशा निरनिराळ्या पोर्टलांचे पासवर्ड किपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या कार्यक्रमात ठेवलेले असल्यामुळे त्याला ब्राउझरशी जोडणारे ॲड-ऑनही होते.

मार्च २०२५ मध्ये, एसएसएलसी म्हणजे दहावीच्या परीक्षेची गडबड सुरू असताना, ही सगळी ॲड-ऑन्स एकाच वेळी बंद पडली. ॲड-ऑन्सच्या पानावर प्रत्येकाच्या नावाखाली एकच सूचना होती: याची खातरजमा करता आली नाही, म्हणून ते निष्क्रिय केले आहे. “सर, परवापर्यंत चालत होतं की हो, आम्ही कुणीच काही केलं नाही,” असे कन्नड शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. एखादेच ॲड-ऑन बिघडले असते तर संशय त्या ॲड-ऑनवर घेता आला असता. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेली चार-पाच ॲड-ऑन्स एकाच वेळी बंद पडतात तेव्हा कारण त्या सर्वांच्या मुळाशी असलेल्या एखाद्या समान गोष्टीत शोधावे लागते. त्यामुळे एकेक ॲड-ऑन काढून पुन्हा बसवण्याचा सोपा वाटणारा मार्ग मी बाजूला ठेवला. काढलेल्या ॲड-ऑनबरोबर त्याच्या सेटिंग्जही जातात आणि मूळ कारण तसेच राहते.

पहिला संशय घड्याळावर होता. जुन्या लॅपटॉपमधील मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यानंतर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझरला कोणतेच प्रमाणपत्र वैध वाटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाण्यायेण्याचा खेळ नित्याचा असल्यामुळे ही तपासणी मी कधी चुकवत नाही. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ हा आदेश दिला. तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळेची निवड तिन्ही बरोबर होत्या आणि घड्याळ नेटवरून जुळवले जात असल्याचेही तिथे दिसत होते. घड्याळाचा दोष नव्हता.

मग मी पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ लिहून फायरफॉक्सचे स्वतःविषयीची माहिती देणारे पान उघडले. हे पान फार थोडे लोक पाहतात आणि ते सर्वांत आधी पाहायला हवे असे माझे ठाम मत आहे. त्यावर ब्राउझरची आवृत्ती, तो कोणत्या ठिकाणाहून चालू आहे, वापरकर्त्याचे प्रोफाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि कोणती ॲड-ऑन्स चालू वा बंद आहेत हे एकत्र दिसते. आमची आवृत्ती १२८ च्या बरीच खालची होती, आणि कोडे तिथेच सुटले.

फायरफॉक्समध्ये बसवायच्या ॲड-ऑनवर मोझिलाची डिजिटल सही असावी लागते. २०१६ मध्ये आलेल्या ४८ व्या आवृत्तीपासून ही अट सक्तीची झाली. सही खरी की खोटी हे ठरवण्यासाठी ब्राउझरमध्येच एक मूळ प्रमाणपत्र ठेवलेले असते, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. जुन्या फायरफॉक्समधील त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ रोजी संपली. नवे प्रमाणपत्र आवृत्ती १२८ मध्ये आणि दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या शाखेत ११५.१३ मध्ये आधीच घातलेले होते, त्यामुळे वेळेवर अद्ययावत झालेल्या ब्राउझरना काहीच जाणवले नाही. आमचा लॅपटॉप मात्र उबुंटू १८.०४ वर होता आणि त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मे २०२३ मध्येच संपलेला होता. त्यानंतर उबुंटूच्या नेहमीच्या भांडारातून, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून उतरते त्या ऑनलाइन साठ्यातून, नवा फायरफॉक्स मिळणे थांबले होते. रोज ‘अद्ययावत करा’ म्हटले तरी यंत्रणा ‘नवीन काही नाही’ असे प्रामाणिकपणे सांगत होती आणि आम्हाला वाटत होते की आपण अद्ययावत आहोत. याआधी ४ मे २०१९ रोजीही प्रमाणपत्राची मुदत संपून जगभरातील फायरफॉक्समधील ॲड-ऑन्स बंद पडली होती. त्या वेळी मधल्या पातळीवरचे प्रमाणपत्र संपले होते, आणि ६६.०.४ ही दुरुस्त आवृत्ती लगोलग आली होती. या वेळी दुरुस्ती आठ महिने आधीच आलेली होती. ती आमच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता तेवढा बंद होता.

या टप्प्यावर सहकाऱ्यांकडून आणि ओळखीच्या संगणकवाल्यांकडून अनेक सल्ले आले. लॅपटॉपची तारीख मागे न्यावी, हा त्यांतला पहिला. तसे केले तर ॲड-ऑन्स कदाचित चालली असती, पण नव्याने प्रमाणपत्र घेतलेली प्रत्येक सुरक्षित साइट ‘हे प्रमाणपत्र अजून लागू झालेले नाही’ म्हणून अडली असती, आणि शाळेच्या कागदपत्रांवर चुकीच्या तारखा पडल्या असत्या. सहीची तपासणीच बंद करावी, हा दुसरा सल्ला. ‘अबाउट:कॉन्फिग’ या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर तशी एक किल्ली आहे, परंतु मोझिलाच्या नेहमीच्या आवृत्तीत ती मानली जात नाही. ती दीर्घ आधाराच्या, विकसकांच्या आणि नाइटली या चाचणीच्या आवृत्त्यांत चालते. चालली असती तरी मी ती वापरली नसती. ज्या ब्राउझरमधून शेकडो मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाइल क्रमांक भरले जातात, त्यात कुणीही लिहिलेले ॲड-ऑन बिनतपासणी शिरू देणे मला मान्य नाही. तिसरा सल्ला क्रोमकडे वळण्याचा होता. क्रोममध्ये मॅनिफेस्टच्या दुसऱ्या, म्हणजे जुन्या पद्धतीवर लिहिलेली ॲड-ऑन्स त्याच सुमारास टप्प्याटप्प्याने बंद केली जात होती आणि युब्लॉक ओरिजिनचे पूर्ण रूप त्यांतच मोडत होते, म्हणजे आमच्या नेटवर्कसाठी सर्वांत उपयोगी असलेले ॲड-ऑन तिथे गमवावे लागले असते.

तेव्हा उबुंटूची संपूर्ण प्रणालीच नव्या आवृत्तीवर न्यायचे ठरवले. दोन मोठ्या टप्प्यांत, आधी २०.०४ आणि मग २२.०४, असे जायचे होते आणि प्रत्येक टप्प्याला बराच डेटा उतरवावा लागणार होता. शाळेतल्या मोबाइल हॉटस्पॉटवर ते शक्य नव्हते. परीक्षा आटोपल्यावर लॅपटॉप बेळगावला टिळकवाडीत एका सहकाऱ्याच्या घरी नेला, जिथे फायबरची जोडणी आहे. सुरुवात करण्याआधी फायरफॉक्स पूर्ण बंद करून होम फोल्डरमधील ‘डॉट मोझिला’ हा लपलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवला. खुणेची पाने, साठवलेली माहिती, ॲड-ऑन्स आणि त्यांच्या सेटिंग्ज असे सगळे त्या एका फोल्डरमध्ये असते, आणि त्याची प्रत हाताशी असली की पुढचे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात. प्रणाली बदलण्याचे काम लांबले, पण विनासायास पार पडले.

नव्या प्रणालीत फायरफॉक्स उघडला तेव्हा बहुतेक ॲड-ऑन्स आपोआप जिवंत झालेली दिसली. किपासएक्ससीचे ॲड-ऑन मात्र चालू असूनही मुख्य किपासएक्ससी कार्यक्रमाशी जोडले जात नव्हते. या प्रश्नावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि लिनक्स वापरणाऱ्या कुणालाही तो गाठू शकतो म्हणून तो सविस्तर सांगतो.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स डेब पॅकेज या सॉफ्टवेअर बसवण्याच्या नेहमीच्या स्वरूपाऐवजी स्नॅप या स्वरूपात येतो. स्नॅपमध्ये ब्राउझर एका बंदिस्त कक्षात चालतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही चांगली व्यवस्था आहे, कारण ब्राउझरमध्ये काही घातक शिरले तरी ते बाहेरच्या फाइलींना सहज हात लावू शकत नाही. पण किपासएक्ससीसारख्या ॲड-ऑनचे कामच मुळी ब्राउझरबाहेरच्या कार्यक्रमाशी बोलण्याचे असते. या संभाषणाला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात. बाहेरचा कार्यक्रम होम फोल्डरमधील ‘डॉट मोझिला’च्या आत एक छोटी फाइल ठेवतो, तिच्यात आपला मध्यस्थ कार्यक्रम कुठे आहे आणि कोणत्या ॲड-ऑनला त्याच्याशी बोलण्याची मुभा आहे, हे लिहिलेले असते. ब्राउझर ती फाइल वाचतो आणि मध्यस्थाला हाक मारतो. स्नॅपमधील ब्राउझरला होम फोल्डरमधले लपलेले फोल्डर एरवी दिसत नाहीत (जुने प्रोफाइल वाचण्याची तेवढी मुभा त्याला असते), आणि कक्षाबाहेरचा कार्यक्रम त्याला थेट सुरूही करता येत नाही. त्यासाठी पोर्टल नावाची एक मधली व्यवस्था पुढे जोडली गेली, जी वापरकर्त्याला परवानगी विचारून हे संभाषण घडवून आणते. आमच्या लॅपटॉपवर परवानगीची ती खिडकी काही केल्या येत नव्हती, आणि ॲड-ऑन केवळ ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढेच सांगत होते.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्नॅप पहिल्यांदा उघडताना जुन्या प्रोफाइलची प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये करून घेतो आणि पुढे तीच वापरतो. मूळ प्रोफाइल जुन्या जागी तसेच पडून राहते. म्हणजे लॅपटॉपवर एकसारखी दिसणारी दोन प्रोफाइल्स तयार होतात आणि त्यांपैकी एकच चालू असते. ॲड-ऑन दुरुस्तीच्या बऱ्याच सूचना ‘डॉट मोझिला’मध्ये जाऊन अमुक फाइल पुसा असे सांगतात. स्नॅप वापरणाऱ्याने ती फाइल कितीही वेळा पुसली तरी काही फरक पडत नाही, कारण चालू प्रोफाइल ‘स्नॅप’ फोल्डरच्या आत ‘फायरफॉक्स’ आणि ‘कॉमन’ यांच्या पोटात असते. फ्लॅटपॅक या स्नॅपसारख्याच दुसऱ्या स्वरूपातून बसवलेल्या फायरफॉक्सचे प्रोफाइल आणखी तिसऱ्याच ठिकाणी असते. ‘अबाउट:सपोर्ट’वरील प्रोफाइल फोल्डरच्या ओळीसमोर तो उघडण्याचे बटण आहे, त्या बटणाने उघडेल तोच फोल्डर खरा मानावा.

विचारान्ती मी स्नॅप काढून मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातील डेब पॅकेज बसवण्याचा निर्णय घेतला. २०२४ च्या आरंभापासून मोझिला डेबियन आणि उबुंटूसाठी अधिकृत डेब पॅकेज देते, त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून काही आणावे लागत नाही. भांडाराची सही-किल्ली आणि पत्ता नोंदवणे हे काम मोझिलाच्या सूचनांप्रमाणे सरळ होते, पण एक पायरी गाळली तर सगळे पाण्यात जाते. उबुंटूच्या भांडारातही ‘फायरफॉक्स’ नावाचे डेब पॅकेज आहे. ते पोकळ आहे, त्याचे काम स्नॅप बसवणे एवढेच, पण त्याच्या आवृत्तीच्या क्रमांकाआधी जोडलेल्या एका अंकामुळे ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या यंत्रणेला, ते मोझिलाच्या कोणत्याही आवृत्तीपेक्षा नवे वाटते. त्यामुळे केवळ भांडार जोडून फायरफॉक्स बसवायला सांगितले तर स्नॅपच परत येतो. त्यावर उपाय म्हणून ॲप्टच्या प्राधान्याच्या फोल्डरमध्ये एक तीन ओळींची फाइल ठेवून मोझिलाच्या भांडाराला १००० इतके प्राधान्य द्यावे लागते. ती फाइल ठेवल्यावर ‘ॲप्ट पॉलिसी’ने विचारले असता यंत्रणेने मोझिलाचे पॅकेज निवडल्याचे दिसले, आणि मगच मी स्नॅप काढला. स्नॅप काढताना यंत्रणा त्यातील माहितीची एक प्रत आपोआप बाजूला ठेवते आणि ती ३१ दिवस राखते. तरीही मी चालू प्रोफाइलची स्वतंत्र प्रत आधीच घेतली होती.

नवा फायरफॉक्स उघडला तेव्हा एकही ॲड-ऑन दिसेना, आणि शेजारी बसलेले सहकारी चपापले. परंतु हे अपेक्षितच होते. मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक ठिकाणी बसवलेल्या प्रतीला तिचे स्वतंत्र प्रोफाइल देतो. वेगळ्या जागी बसवलेला फायरफॉक्स त्याच्या दृष्टीने नवा भाडेकरूच असतो. फायरफॉक्स बंद केला, स्नॅपच्या फोल्डरमधून घेतलेली प्रत होममधल्या ‘डॉट मोझिला’त आणली, तिथे आधीच असलेल्या जुन्या प्रोफाइलचे नाव बदलून ते बाजूला ठेवले, मग ‘अबाउट:प्रोफाइल्स’ पानावर जाऊन आणलेले प्रोफाइल कायमचे म्हणून निवडले. सगळे परत आले. शुद्धलेखनाचा शब्दकोश तेवढा यादीत दिसत नव्हता. फायरफॉक्स बंद करून चालू प्रोफाइलमधील ‘एक्स्टेन्शन्स’ नावाची जेसन फाइल आणि ॲड-ऑन सुरू करण्याची यादी असलेली ‘ॲड-ऑन-स्टार्टअप’ ही फाइल अशा दोन फाइली काढल्या. पुढच्या वेळी सुरू होताना त्याने या याद्या नव्याने तयार केल्या आणि शब्दकोशही आला. किपासएक्ससीच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझर जोडणीच्या पानावर फायरफॉक्सची खूण काढून पुन्हा केली, त्याबरोबर मध्यस्थाची ती छोटी फाइल योग्य जागी तयार झाली आणि जोडणी पहिल्याच फटक्यात झाली.

मे अखेरीस शाळा सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या तक्रारी पुढे आल्या. भाषांतराचे ॲड-ऑन आपल्याला कधी दिसतच नाही, असे एका सरांचे म्हणणे होते. लॅपटॉप सर्वांचा असल्यामुळे ते नेहमी खासगी खिडकी उघडून काम करत, ही सवय अगदी योग्य आहे. पण फायरफॉक्स खासगी खिडकीत कोणतेही ॲड-ऑन स्पष्ट परवानगीशिवाय चालू देत नाही. त्या एका ॲड-ऑनला तशी परवानगी दिली, बाकीच्यांना दिली नाही. कन्नड परिपत्रकांच्या पीडीएफवर भाषांतर होत नाही, ही दुसरी तक्रार. फायरफॉक्सच्या स्वतःच्या पीडीएफ दर्शकात ॲड-ऑन्सना शिरकाव नसतो, तेव्हा तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. मजकूर निवडून भाषांतराच्या पानावर चिकटवणे हाच मार्ग आहे, आणि छायाचित्र काढून बनवलेल्या पीडीएफला तोही लागू पडत नाही.

मात्र कन्नड मॅडमची अडचण खरोखरच अवघड होती. अर्ज भरताना कळफलकावर एक अक्षर दाबले की कधी दोन उमटत, कधी काना-मात्रा वेगळ्या पडत, आणि हे फक्त ब्राउझरमध्येच होई. त्यांच्यासाठी आयबस या भारतीय भाषा टंकण्याच्या व्यवस्थेत कन्नड गणक परिषदेचा कळफलक आणि आमच्यासाठी मराठी इनस्क्रिप्ट बसवलेला आहे. लिब्रेऑफिसमध्ये दोन्ही बिनचूक चालत होते. मदत यादीतून फायरफॉक्स ट्रबलशूट मोडमध्ये सुरू केला, ज्यात सगळी ॲड-ऑन्स तात्पुरती बाजूला राहतात आणि काहीही पुसले जात नाही. त्यात टंकन सुरळीत झाले, म्हणजे दोष बहुधा एखाद्या ॲड-ऑनचाच. मग नेहमीच्या पद्धतीने परत येऊन निम्मी ॲड-ऑन्स बंद केली, दोष राहतो का पाहिले, ज्या अर्ध्यात तो होता त्याचे पुन्हा दोन भाग केले. अशा रीतीने थोड्याच वेळात एक विसरलेले ॲड-ऑन सापडले: रोमन अक्षरांतून भारतीय भाषा टंकण्यासाठी कुणीतरी पूर्वी बसवलेले. ते पानावरची प्रत्येक कळ मध्येच पकडत होते आणि आयबसही तीच कळ पकडत होता. ज्या प्रणालीत मराठी आणि कन्नड दोन्हींचे कळफलक मुळातच उपलब्ध आहेत, तिथे असल्या ॲड-ऑनची गरजच उरत नाही. ते काढून टाकल्यावर मॅडमनी त्याच बैठकीत राहिलेले सगळे अर्ज पूर्ण केले.

या सगळ्या काळात ‘फायरफॉक्स ताजातवाना करा’ हे बटण मी दाबले नाही. ते खुणेची पाने आणि पासवर्ड राखते, पण सर्व ॲड-ऑन्स आणि त्यांच्या सेटिंग्ज काढून टाकते. लक्षण नाहीसे होते आणि कारण कधीच कळत नाही, शिवाय युब्लॉकमध्ये आमच्या नेटवर्कसाठी जमवलेल्या सगळ्या सेटिंग्ज पुन्हा कराव्या लागल्या असत्या. प्रोफाइलची प्रत हाताशी असेल आणि वरचे सर्व करून झाले असेल, तरच त्याचा विचार करावा.

लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर फायरफॉक्स मोझिलाच्या भांडारातून बसवला आहे हे, प्रोफाइलचा मार्ग, आणि प्रत घेतलेल्या पेन ड्राइव्हची जागा लिहिली आहे. उबुंटू पुढच्या आवृत्तीवर नेताना बाहेरून जोडलेली भांडारे आपोआप बंद केली जातात, म्हणून मोझिलाचे भांडार त्यानंतर पुन्हा चालू करावे लागेल. नाहीतर पुन्हा एकदा ‘नवीन काही नाही’ हेच उत्तर मिळत राहील. तेही चिठ्ठीच्या तळाशी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत लिहून ठेवले आहे.